शेताच्या राखणीसाठी स्वस्तातला ट्रेल कॅमेरा: कोणता घ्यायचा, कुठे आणि कसा लावायचा

सकाळी शेतात गेलं की भुईमुगाचा अर्धा वाफा उकरलेला, ऊस आडवा पडलेला, आणि मग बांधावर उभं राहून चर्चा सुरू, डुकरं होती की साळिंदर, गवा आला असेल का, रात्री किती वाजता आले असतील, वरच्या जंगलातून की ओढ्यातून. आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी या पट्ट्यात ज्याचं रान जंगलाला लागून आहे त्याला हे नवीन नाही. अंदाजावर राखण करायची म्हणजे रोज रात्रभर जागायचं आणि नेमकं आपण खालच्या अंगाला असताना वरच्या अंगाला नुकसान व्हायचं. यासाठी ट्रेल कॅमेरा फार कामाचा आहे आणि तो परवडण्यासारखा झालाय, पण लोक घेतात चुकीचा आणि लावतात त्याहून चुकीचा, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ट्रेल कॅमेरा म्हणजे बॅटरीवर चालणारा, झाडाला बांधायचा कॅमेरा. समोरून गरम अंगाचं काही हललं की आपोआप फोटो नाहीतर व्हिडिओ काढतो, रात्री डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडात काढतो, वायर लागत नाही, वायफाय लागत नाही. अमेरिकेत शिकारी लोक आपल्या शिकारीच्या जमिनीवर हरणं कुठून जातात ते बघायला हे वापरतात, म्हणून ऑनलाइन दुकानात तो ‘हंटिंग कॅमेरा’ नावानेही मिळतो, दोन्ही नावांनी शोधा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे आपला उपयोग वेगळा: कोण येतं, कधी येतं, कुठून येतं एवढं कळलं की कुंपण आणि राखण योग्य जागी करता येते. वनखातं वाघांच्या गणतीला हेच तंत्र वापरतं. २०१८ च्या गणतीत देशभरात २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते आणि साडेतीन कोटींच्या आसपास फोटो आले, त्याची गिनीज बुकात नोंद आहे.

घेताना काय बघायचं

आधी मेगापिक्सेल विसरा. खोक्यावर ३६, ४८, ६० मेगापिक्सेल लिहिलेलं असतं, पण स्वस्त कॅमेऱ्यातला खरा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा भाग, त्याच्या कितीतरी कमी असतो, बाकीचे पिक्सेल सॉफ्टवेअरने फुगवलेले. त्याने फोटो चांगला येत नाही, फक्त फाइल मोठी होते, कार्ड लवकर भरतं आणि एक फोटो सेव्ह करून दुसऱ्याला तयार व्हायला कॅमेऱ्याला जास्त वेळ लागतो. घेतल्यावर सेटिंगमध्ये ८ नाहीतर १२ मेगापिक्सेल ठेवा, जनावर ओळखायला तेवढं भरपूर झालं.

खरं बघायचं ते ट्रिगर स्पीड, म्हणजे हालचाल जाणवल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ. ०.५ सेकंदाच्या आत पाहिजे, ०.२ ते ०.३ असेल तर उत्तम. एक सेकंद लागणारा असेल तर चालत्या डुकराची फक्त शेपटी मिळते. त्याच्या जोडीला रिकव्हरी टाइम, म्हणजे एका फोटोनंतर दुसरा किती वेळात. कळपाने येणाऱ्या जनावरांना हे फार महत्त्वाचं, कारण पहिल्या फोटोत एक डुक्कर आणि मागची आठ निघून गेली तर नुकसान किती जणांनी केलं ते कळणारच नाही. हा आकडा कंपन्या सहसा लिहीत नाहीत, ग्राहकांनी टाकलेले व्हिडिओ बघून अंदाज घ्या.

मग रात्रीचा उजेड. दोन प्रकार येतात, ८५० नॅनोमीटर आणि ९४० नॅनोमीटर (हे उजेडाच्या लहरीचं माप, खोक्यावर लिहिलेलं असतं). ८५० वाल्याचा उजेड लांब जातो आणि फोटो स्वच्छ येतो, पण फोटो काढताना एलईडी अंधारात मंद लाल दिसतात. ९४० वाला अजिबात दिसत नाही, पण त्याचा पल्ला कमी आणि फोटो थोडा दाणेदार. माझं मत विचाराल तर शेताच्या आतल्या भागात, जिथे परका माणूस फिरकत नाही तिथे ८५० घ्या, आणि पाणंदीजवळ किंवा चोरीची भीती असेल तिथे ९४० च घ्या, कारण अंधारात चमकणारा लाल ठिपका जनावरापेक्षा माणसाला आधी दिसतो. खोक्यावरचा ‘३० मीटर नाइट व्हिजन’ वगैरे धरून चालू नका, स्वस्त कॅमेऱ्यात रात्री दहा-बारा मीटरपर्यंत नीट ओळखू येईल असं समजूनच जागा निवडायची.

पाण्यापासून संरक्षणाचा आकडा आयपी ६६ तरी पाहिजे, आणि झाकणाचं रबर हाताने दाबून बघा, कडेने सैल असेल तर लगेच परत करा. छोटा का होईना, आत स्क्रीन असलेलाच घ्या, कारण लावल्या जागी फ्रेम बघता येते. बिनस्क्रीनचा हजार रुपयांनी स्वस्त मिळतो पण पुढे डोक्याला ताप होतो.

किमती सारख्या बदलतात, तरी साधारण चार ते आठ हजारात साधा कार्डवाला कॅमेरा मिळतो. नावाजलेल्या परदेशी कंपन्यांचे त्याच्या दुप्पट-तिप्पट. माझा सल्ला एवढाच की एक महागडा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या, शेताच्या दोन बाजू एकाच वेळी बघता येतात आणि जनावर आत आलं कुठून नि गेलं कुठून हे दोन्ही कळतं.

आता सिमकार्डवाला की साधा, हा प्रश्न सगळे विचारतात. सिमवाला फोटो मोबाइलवर पाठवतो, म्हणजे रात्री दोनला गवा आला तर दोनलाच कळतं. पण घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, जुने मॉडेल २जी किंवा ३जी वर चालतात, जिओला २जी-३जी नाहीच, त्यामुळे त्यात जिओचं सिम चालणारच नाही. दोन, ४जी असला तरी आपल्याकडचे बँड, म्हणजे नेटवर्कचे फ्रिक्वेन्सी पट्टे, पाहिजेत, बँड ३, ५ आणि ४० यादीत आहेत का बघा, अमेरिकेतून कोणी पाहुण्याने आणलेला सिमवाला कॅमेरा बहुतेक वेळा तिथल्याच कंपन्यांच्या नेटवर्कला बांधलेला असतो. तीन, जिथे लावणार तिथे आपला मोबाइल घेऊन उभे राहा आणि एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून बघा. तो जात नसेल तर कॅमेऱ्याचाही जाणार नाही. घाटाखाली, ओढ्याच्या खोलगटात रेंज नसतेच, तिथे साधा कार्डवालाच बरा.

सोलरवर चालणारे गोल डोक्याचे ४जी सीसीटीव्ही पण हल्ली शेतात दिसतात. मोटरीच्या खोलीवर, गोठ्यावर, घराजवळ ते चांगले, लाइव्ह दिसतं आणि त्यावरून बोलताही येतं. पण लांबून दिसतात, उचलून नेता येतात, आणि पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसलं की बंद पडतात. रानाच्या कडेला ट्रेल कॅमेराच.

बॅटरी आणि कार्ड, इथे पैसे वाचवू नका

बहुतेक कॅमेऱ्यांना एए साइजचे ४ नाहीतर ८ सेल लागतात. रिमोटमध्ये घालतो ते साधे स्वस्त सेल यात घालू नका, दिवसा चालतील पण रात्री एलईडी पेटताना एकदम जास्त करंट लागतो आणि तिथे ते मान टाकतात, मग दिवसाचे फोटो आहेत आणि रात्रीचे नाहीत किंवा काळेकुट्ट आहेत असं होतं. चांगल्या कंपनीचे अल्कलाइन घाला, किंवा कायम वापरणार असाल तर रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेलचे दोन सेट घ्या, एक कॅमेऱ्यात एक घरी चार्जिंगला. हे रिचार्जेबल १.२ व्होल्टचे असतात, अल्कलाइन १.५ चे, त्यामुळे काही कॅमेरे रिचार्जेबल पूर्ण भरलेले असूनही बॅटरी अर्धी दाखवतात, घाबरू नका, आधी मॅन्युअलमध्ये बघा की ते चालतात का. जुने-नवे किंवा दोन कंपन्यांचे सेल एकत्र कधीच नाही.

कार्ड ३२ जीबीचं, क्लास १०, ओळखीच्या दुकानातून घ्या, ऑनलाइन नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. दोन कार्डं ठेवा म्हणजे शेतात गेलं की भरलेलं काढायचं, रिकामं घालायचं, फोटो घरी बसून बघायचे. कार्ड मोबाइलला लावलं की काही फोन त्यावर स्वतःचे फोल्डर तयार करतात आणि काही कॅमेरे मग ते कार्ड घेत नाहीत, म्हणून फोटो कॉपी झाले की दर वेळी कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करायचं.

जागा शोधणं, खरं काम हेच

कॅमेरा कितीही भारी असला तरी जागा चुकली की त्यात फक्त हलणारी पानं मिळतात. म्हणून कॅमेरा न घेता एकदा सकाळी लवकर शेताच्या सगळ्या कडेने चालत जा, पाऊस पडून गेल्यावर गेलात तर अजून बरं, मातीत सगळं छापलेलं असतं. डुकरं नाकाने माती उकरतात, ओलीत लोळतात आणि मग जवळच्या झाडाला अंग घासतात, बुंध्यावर गुडघ्याएवढ्या उंचीवर वाळका चिखल आणि त्याला चिकटलेले राठ केस दिसतात. साळिंदराचा एखादा काटा हमखास पडलेला असतो. गव्याचं शेण आपल्या म्हशीसारखंच पण खूर खोल रुतलेले, आणि ऊस खाण्यापेक्षा तुडवलेला जास्त. बिबट्याच्या पावलात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या आणि तरसाच्या पावलात उमटतात, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी गावातली निम्मी अफवा तिथेच थांबते.

जनावर बांध कुठेही ओलांडत नाही. त्याच्या ठरलेल्या वाटा असतात, कुंपणाखाली झिजलेली जागा, ओढ्याचा उतार, दोन शेतांमधली गवत दबलेली पट्टी. कॅमेरा अशा वाटेवर लावायचा, पिकाच्या मधोमध नाही. आणि सगळ्यात चांगली जागा म्हणजे जिथे दोन वाटा मिळतात किंवा वाट अरुंद होते, तिथून गेल्याशिवाय जनावराला पर्याय नसतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, कॅमेरा आपल्याच हद्दीत. शेजारी वनखात्याची जमीन आहे म्हणून चार पावलं आत जाऊन झाडाला बांधायचा नाही, त्याला परवानगी लागते, अभयारण्य असेल तर आत पाऊल टाकायलाच लागते. शेजाऱ्याच्या बांधाजवळ लावणार असाल तर त्याला आधी सांगा. आणि नदीवर कपडे धुवायला जायची वाट, बायकांची जा-ये असलेली पाणंद, पाणवठा, तिकडे कॅमेऱ्याचं तोंड अजिबात करायचं नाही. शेतात कामाला येणाऱ्या बायका-पुरुषांना कॅमेरा कुठे आहे ते दाखवून ठेवा, माणसांचे फोटो आले तर ते लगेच उडवायचे.

लावायची पद्धत

उंची जनावरावर ठरते. डुक्कर, साळिंदर, भेकर, बिबट्या यांच्यासाठी गुडघ्याच्या आसपास, म्हणजे जमिनीपासून ४५ ते ६० सेंटिमीटर. गव्यासाठी कमरेच्या वर, आणि वाटेपासून जरा लांब, पाच-सहा मीटर, कारण गवा वासाने जवळ येऊन शिंगाने ढुशी देऊ शकतो. बाकीच्यांसाठी वाटेच्या मध्यापासून तीन-चार मीटर अंतर बरोबर बसतं.

दिशा दोन कारणांनी महत्त्वाची. कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला असलं की सकाळ-संध्याकाळ ऊन थेट भिंगावर येतं, फोटो पांढरे पडतात आणि उगाचच ट्रिगर होतो, म्हणून उत्तरेला तोंड सगळ्यात चांगलं. दुसरं, वाटेशी कोन. वाटेला अगदी काटकोनात लावला तर जनावर झटकन फ्रेममधून निघून जातं. वाटेच्या सरळ रेषेत लावला तर हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरला समोरून येणारं जनावर उशिरा कळतं, कारण तो आडव्या हालचालीला जास्त दाद देतो. मधला उपाय म्हणजे तिरका, साधारण ४५ अंशात. स्वस्त, हळू ट्रिगरच्या कॅमेऱ्याला तर तिरकाच लावा, एवढ्या एका बदलाने फोटोंमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

उसात लावणाऱ्यांनी हे नीट वाचा. उसाच्या पानाकडे तोंड करून लावलेला कॅमेरा दोन दिवसांत हजारो रिकामे फोटो काढून कार्ड आणि बॅटरी दोन्ही संपवतो, कारण वाऱ्याने हलणारं, उन्हाने तापलेलं पान सेन्सरला जनावरच वाटतं. कॅमेरा बांधाच्या लांबीने बघेल असा लावा, समोर दोन-तीन मीटरपर्यंतचं गवत, पाचट, लोंबणारी फांदी साफ करा. रात्री तर जवळचं एक पातंसुद्धा एलईडीच्या उजेडात पांढरंफटक चमकतं आणि मागचं जनावर अंधारात जातं. पण साफ करताना वाटच बोडकी करू नका, जनावर बुजतं.

झाड नसेल तर बांबू चालत नाही, वाऱ्याला डुलतो. लोखंडी अँगल दोन फूट गाडा. बहुतेक कॅमेऱ्यांना खाली ट्रायपॉडचा पाव इंची आटा असतो, वेल्डिंगवाल्याकडून अँगलला त्या मापाचा बोल्ट आणि एक हलणारी पट्टी लावून घ्या, रेडिमेड स्टँडपेक्षा स्वस्त आणि दणकट पडतं. त्याच्याचकडून पत्र्याचा डबा करून घ्या, पुढे भिंग, सेन्सर आणि एलईडीला खिडक्या, मागे कुलपाची कडी. सेन्सरसमोर काच किंवा प्लास्टिक लावू नका, काचेतून अंगाची उष्णता त्याला कळत नाही आणि कॅमेरा आंधळा होतो.

सेटिंग असं ठेवा: आधी तारीख आणि वेळ, कारण सगळा खेळ वेळेचा आहे, आणि स्वस्त कॅमेऱ्यात सेल काढले की ती पुसली जाते, म्हणून सेल बदलले की दर वेळी तपासायची. फोटो मोड, एका ट्रिगरला तीन फोटो, दोन ट्रिगरमधलं अंतर १५ ते ३० सेकंद. व्हिडिओचा मोह होतो पण रात्रीचा व्हिडिओ बॅटरी खातो, सुरुवातीला फोटोच, नंतर हवं तर दहा सेकंदांचा व्हिडिओ. सेन्सर मध्यम, पण एप्रिल-मे मध्ये वरच्या पायरीवर न्या. हा सेन्सर जनावराचं अंग आणि मागची जमीन यांच्यातला तापमानाचा फरक बघतो, उन्हाळ्यात जमीनच चाळीस अंशाला तापली की फरक उरत नाही आणि दुपारी समोरून गेलेलं जनावरही सुटतं. तो कॅमेऱ्याचा बिघाड नाही.

आता टेस्ट. टेस्ट मोडमध्ये टाकून वाटेवरून चाला, पुढचा लाल दिवा लुकलुकला की तिथे सेन्सरने पकडलं. पण फक्त उभ्याने चालू नका, दोन हात दोन गुडघे टेकून डुकराच्या उंचीने पण जा. लोक हसतील, हसू देत, उभा माणूस पकडला जातो आणि डुकराचं पिल्लू खालून सुटतं हे याशिवाय कळत नाही. शेवटी एका कागदावर जागेचं नाव आणि तारीख मोठ्या अक्षरात लिहून कॅमेऱ्यासमोर धरा, पहिला फोटो तो. दोन कॅमेरे, चार कार्डं झाली की कुठला फोटो कुठला हे त्यावरूनच समजतं.

फोटो वाचायचे कसे

लावून झाल्यावर रोज बघायला जाऊ नका, आपला वास, चपलांचे ठसे, सगळं जनावराला कळतं. आठवड्याने कार्ड बदला, तेही दुपारी. मग एक वही करा: तारीख, वेळ, जनावर, किती, कुठून कुठे. दोन-तीन आठवड्यांत चित्र उभं राहतं.

समजा ओढ्याच्या कॅमेऱ्यावर रात्री १ वाजून ४० मिनिटांनी डुकरांचा कळप आत येताना दिसला, अंग कोरडं. वरच्या बांधाच्या कॅमेऱ्यावर ३ वाजून ५० ला तोच कळप बाहेर जाताना, तोंडाला माती, पायाला चिखल. म्हणजे कळप खालून येतो, वरून जातो, आणि दोन तास आपल्या भुईमुगात असतो. मग राखणीला संध्याकाळी आठपासून बसायची गरज नाही, एकच्या आधी ओढ्याच्या तोंडाशी बत्ती आणि आवाज पाहिजे. कुंपणाला पैसे थोडेच असतील तर पहिले ओढ्याच्या बाजूला घालायचे. हे एवढं एका मध्यम कॅमेऱ्याच्या जोडीने कळतं, आणि रोजच्या जागरणातून घरातल्या माणसाला चार तास झोप मिळते, माझ्या लेखी ती फार मोठी गोष्ट आहे.

कुंपण म्हणजे सौर कुंपण, जे झटका देतं पण मारत नाही. वनखात्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान मिळतं, आपल्या वनरक्षकाकडे चौकशी करा. लाइटच्या तारेवरून थेट करंट सोडायचा विचारही करू नका, तो गुन्हा आहे आणि त्यात जनावराआधी आपलाच माणूस, शेजारचा पोरगा, पाणी धरायला गेलेला बाप मेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात.

नुकसानभरपाईला फोटो पुरावा म्हणून जोडा, तारीख-वेळेचा शिक्का फोटोवर चालू ठेवा. पण फोटो म्हणजे पंचनामा नाही. नुकसान दिसलं की लगेच अर्ज द्यायचा, पंचनामा होईपर्यंत शेत तसंच ठेवायचं, गाय-शेळी मारली असेल तर मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही.

आणि बिबट्या दिसला तर? जुन्नर, आंबेगाव बाजूला उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते, आता तर सगळीकडेच दिसतो. फोटो आला की पहिला फोन वनखात्याला, हॅलो फॉरेस्टचा नंबर १९२६. गावच्या ग्रुपवर जागेच्या नावासकट फोटो टाकला की तासाभरात काठ्या आणि मोबाइल घेऊन दोनशे माणसं शेतात, आणि बिथरलेलं जनावर कुणावर तरी जातंच. फोटो ग्रुपवर टाकायचाच नाही, त्या बाजूच्या घरांना मात्र स्वतः जाऊन सांगा, अंधारात एकट्याने जाऊ नका, पोरांना सोबत द्या, शेळ्या बंदिस्त गोठ्यात घ्या. पिल्लं दिसली तर हात लावायचा नाही, मादी जवळपासच असते.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा झाकण उघडून रबर पुसा, आत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवा, ती बुटांच्या खोक्यात फुकट मिळते. मुंग्या आणि कोळी सेन्सरच्या खिडकीवर घर करतात, ते कोरड्या ब्रशने काढायचं, स्प्रे मारायचा नाही, वास राहतो. आणि सुगी झाल्यावर कॅमेरा उतरवला की सेल आधी बाहेर काढा, आत राहिलेला सेल फुटून गळला तर कॅमेऱ्यातली सेल बसायची टोकं गंजतात आणि चांगला चाललेला कॅमेरा पुढच्या हंगामात चालूच होत नाही.